बांधावरचे सवाल-जवाब

माझे वडील तुऱ्याचे शाहीर होते. आमच्या भागात तेव्हा शाहिरांचे दोन पक्ष असत, कलगीवाले आणि तुरेवाले. कलगीवाला म्हणणार शक्ती मोठी, तुरेवाला म्हणणार शिव मोठा, आणि हे भांडण डफावर गाऊन करायचं. एकाने गाण्यातून कोडं घालायचं, दुसऱ्याने उभ्या उभ्या शब्द जुळवून त्याचा उलगडा करायचा आणि वर आपलं कोडं घालायचं. जो अडला तो हरला. तिथे गळा गोड असून भागत नसे. डोकं आणि जीभ एका वेळी पळावी लागे.

आमचं गाव पाथर्डीकडचं. पाऊस कमी, दगड फार. दिवाळी झाली की निम्मं गाव ऊसतोडीला जायचं. वडील मात्र जात नसत, कारण जत्रांचे दिवस पुढे येत. मला भाऊ नव्हता. मी आठ वर्षांची असताना त्यांच्या मागे झील धरणारा, म्हणजे ओळीचा शेवट उचलून ‘जी जी’ ओढणारा, तापाने पडला. वडिलांनी माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, “चल गं. तुला समदं पाठ हाय न्हवं?”

मला सगळं पाठ होतं. नऊवारी नेसता येत नव्हती, म्हणून परकरावरच उभी राहिले. त्या दिवसापासून लग्न होईपर्यंत मी त्यांच्या डाव्या खांद्यामागे उभी असे.

एकदा चैत्रातल्या जत्रेत वडील अडले. समोरच्याने समुद्राबद्दल काही विचारलं होतं, आणि आमच्यापैकी कुणी समुद्र पाहिलेला नव्हता. वडील डफ वाजवत राहिले, पण ओठ हलेनात. मी मागून हळूच दोन ओळी सांगितल्या. त्यांनी त्या गायल्या, लोकांनी फेटे उडवले. मग वडिलांनी डफ थांबवला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, “जबाब माज्या लेकीचा हुता. माजा न्हवता.” मी तेव्हा बारा वर्षांची असेन.

वडिलांखेरीज माझा आणखी एक गुरू होता, पण त्याला ते माहीत नव्हतं. पाथर्डीच्या आठवडी बाजारात एक दंतमंजन विकणारा यायचा. काळा कोट, गळ्यात रुमाल, पुढ्यात फडक्यावर मांडलेल्या पुड्या. तो बोलायला लागला की थांबतच नसे. दाढ, दात, हिरडी, जीभ, सासू, सासरा, साखरपुडा, सगळं एका दमात, आणि प्रत्येक तुकड्याच्या शेवटी यमक. आई बाजार करायची आणि मी त्याच्यासमोर उभी. तो काय विकतो याकडे माझं लक्ष नव्हतं. मी त्याच्या गळ्याकडे बघायची. एवढं बोलताना हा माणूस श्वास घेतो कधी? तीन-चार बाजार गेल्यावर मला कळलं. यमक पडलं की लोक हसतात, आणि लोक हसत असताना तो श्वास घेतो. वडिलांना मी हे सांगितलं तर ते म्हणाले, “खरं हाय. मला ह्ये कळाया चाळीस वरसं लागली.”

सोळाव्या वर्षी माझं लग्न झालं. सासर पारनेर तालुक्यातलं, पुणे-नगर रस्त्यावर सुप्याच्या अलीकडे. सासऱ्यांची जमीन बऱ्यापैकी होती, घरात खाऊनपिऊन सुख होतं. नवरा शांत. सासूबाई कडक, पण अन्यायी नव्हत्या. लग्न ठरतानाच त्यांनी वडिलांना सांगितलं होतं, “पोरगी पसंत हाय. डफ तेवढा तिकडंच राहू द्या.” वडिलांनी मान हलवली. मला वाटलं, डफ राहिला तर राहिला, गळा तर माझ्याबरोबर येतोय.

पण तसं झालं नाही. पहिल्याच वर्षी विहिरीवर पाणी शेंदताना मी दोन ओळी म्हटल्या. कुणीतरी ऐकलं आणि गावात बोललं की, यांची सून तमाशातली दिसते. सासूबाई घरी आल्या. रागावल्या नाहीत, आवाजही चढवला नाही. चुलीपुढे बसून एवढंच म्हणाल्या, “गाव ऐकतंय, बाई.”

त्यानंतर अकरा वर्षं मी गायले नाही. मुलींना झोपवतानासुद्धा नुसती थोपटायची. यमकं मात्र थांबली नाहीत. भाकरी थापताना, शेण गोळा करताना ती आपोआप यायची, आणि मी आवंढा गिळावा तशी गिळून टाकायची. मधल्या काळात वडिलांचा आवाज गेला. घशात काहीतरी झालं, नगरच्या दवाखान्यात नेलं, जीव वाचला. पण पुढे ते कुजबुजल्यासारखं बोलत. भेटायला गेले तेव्हा डफ खुंटीला दिसला.

बहात्तर साली पाऊस आलाच नाही. आदल्या वर्षीही बेताचाच होता. विहिरींचे तळ दिसू लागले, जनावरं छावणीवर गेली, आणि आमच्यासारखी बरी म्हणवणारी घरंही दुष्काळी कामावर आली. आमच्या गावापासून दोन कोसांवर पाझर तलावाचं काम निघालं. पुरुष मुरूम खणायचे, बायका पाट्या वाहायच्या. बांध लांबच लांब होता, अर्ध्या मैलाच्या आसपास. एका टोकाला उभं राहिलं तर दुसऱ्या टोकाची माणसं मुंग्यांएवढी दिसत. आजूबाजूच्या सात-आठ गावांची माणसं तिथे होती. सासूबाई, नवरा आणि मी, तिघंही मुलींना सासऱ्यांपाशी ठेवून रोज उजाडता निघायचो.

माघातली एक दुपार. ऊन आत्ताच चैत्रासारखं झालं होतं. रांगेतल्या बायका थकल्या होत्या, पाट्या हातातून निसटत होत्या, दोघींची पाण्यावरून जुंपली होती. रेशनवर तेव्हा मिलो मिळायचा, परदेशातून आलेली तांबडी ज्वारी. त्याच्या पिठाला चिकटपणा नसायचा, भाकरी थापता थापता फाटायची. त्या भांडणात कुणीतरी मिलोचं नाव काढलं, आणि डोक्यावर पाटी असताना माझ्या तोंडून निघून गेलं:

“आला आला मिलो आला, बोटीत बसून मिलो आला,
तांबड्या तोंडाचा पाव्हना आला, तव्यावरनं रुसून गेला;
थापाया घेता भाकर फाटं, उलटाया जाता कडा तुटं,
सासू म्हनती सून आळशी, सून म्हनती पीठच खोटं!”

हे सगळं एका दमात गेलं, बाजारातल्या त्या दंतमंजनवाल्यासारखं. बायका हसल्या आणि लगेच गप्प झाल्या, कारण माझ्या मागेच सासूबाई होत्या. पाटी डोक्यावर घेऊन त्या जागीच थांबल्या होत्या.

सासूबाईंनी पाटी रिकामी केली, पदराने तोंड पुसलं आणि म्हणाल्या, “पिठाला कशापायी बोल लावतीस? भाकर तुझ्याच हातानं फाटती.” सगळी रांग हसली. मग त्या पुन्हा माझ्यामागे येऊन उभ्या राहिल्या. “थांबलीस का? म्हन की फुडं. पाय उचलत्यात लोकांचे.”

त्या दिवशी मी संध्याकाळपर्यंत गायले. मिलोवर, कामावर खायला मिळणाऱ्या सुकडीवर, फुटक्या पाटीवर, हजेरी घेणाऱ्या कारकुनाच्या चष्म्यावर. कारकूनही हसला. घसा कोरडा पडला होता, आवाज मध्येच चिरत होता, अकरा वर्षांचा गंज होता तो. पण घरी जाताना दोन कोस मी कशी चालले ते मला आठवत नाही. वाटेत सासूबाई म्हणाल्या, “तिथं म्हन. गावात नको.” मी हो म्हटलं.

बांधाच्या दुसऱ्या, वरच्या टोकाला एक म्हातारे गृहस्थ मुरूम खणायला होते. सत्तरीला टेकलेले, पण ताठ. ते कलगीचे शाहीर होते, आणि पूर्वी कधीतरी जत्रेत त्यांनी माझ्या वडिलांना ऐकलं होतं. माझी गाणी पाट्यांबरोबर रांगेतून सरकत त्यांच्यापर्यंत गेली. ही कुणाची कोण, अशी त्यांनी चौकशी केली. तिसऱ्या दिवशी सकाळी एक बाई वरच्या टोकाकडून आली आणि म्हणाली, “शाहीरबाबांनी तुज्यासाठी धाडलंय. मी वाटंत घोकत आलेय, इसरायच्या आत ऐक.”

“जिता व्हता तवा चरत व्हता, मेल्यावर गाया लागला,
आगीपाशी तरना झाला, पान्यापाशी म्हातारा झाला,
सांग तुऱ्याच्या लेकी मला, छातीशी कुनाच्या ह्यो बसला?”

‘तुऱ्याच्या लेकी’ असं मला अकरा वर्षांत कुणी म्हटलं नव्हतं. चार खेपा मी मनात शब्द जुळवत राहिले. सगळ्या बायका माझ्याकडे बघत होत्या. पाचव्या खेपेला जबाब सापडला:

“बोकड मेला, कातडं उरलं, लाकडी कड्यावर तानून धरलं,
शेक मिळता कडक बोललं, ओल लागता सैल पडलं;
शाहिराच्या छातीशी डफ, दुरूनच म्या वळखला —
आता माजा सवाल घ्या, बघू कुनाला उलगडला!

हजार आयांनी जलम दिला, बाप मातर रुसून गेला,
एवढं थोरलं पोट घेऊन उपाशी त्यो निजून ऱ्हायला;
लेकरू कोन, बाप कोन, पुसा कलगीच्या शाहिराला.”

माझा सवाल निघाला. एक बाई तो पाटीबरोबर घेऊन गेली, तिने पुढचीला दिला, पुढचीने तिच्या पुढचीला. जेवणाच्या सुट्टीपर्यंत अख्खा बांध त्यावर डोकं खाजवत होता. खणणारे पुरुष कुदळी टेकवून वाद घालत होते. दुपारनंतर वरून जबाब आला. लेकरू म्हणजे आपण बांधतोय तो तलाव, आई म्हणजे आपण सगळी माणसं, आणि रुसलेला बाप म्हणजे पाऊस. जबाब बरोबर होता. त्याच्या शेपटीला म्हाताऱ्यांनी टोमणाही जोडला होता: तुऱ्याची लेक असून तू आयांचं गातेस, बाप ऐकेल तर काय म्हणेल?

दीड महिना हे असंच चाललं. सकाळी एक सवाल, दुपारी एक जबाब. आम्ही दोघांनी एकमेकांना जवळून पाहिलंही नव्हतं. मधल्या माणसांच्या तोंडून जाताना एखादा शब्द बदलायचा, कधी यमक मोडायचं, कधी उलट सुधारायचं. एका बाईने माझ्या ओळीतला शब्द बदलून नेला होता, तो मला संध्याकाळी कळला. माझ्यापेक्षा तिचाच शब्द चांगला होता, म्हणून मी तोच ठेवला. कामावर उशिरा येणारी माणसं वेळेवर येऊ लागली, कारण सकाळचा सवाल चुकायला नको होता. नवरा मुरूम खणायचा त्या टोळीत लोक त्याला विचारायचे, “आज काय जबाब देनार हाय रं?” तो म्हणायचा, “मला काय इचारता? घरात बी सांगत न्हाई.” पण हे सांगताना त्याची मान ताठ असायची, हे मी लांबून बघत असे.

एका बाजारच्या दिवशी, काम बंद असताना, म्हातारे शाहीर आमच्या दारात आले. स्वच्छ धोतर, डोक्याला फेटा, हातात नारळ. सासूबाईंनी घोंगडी टाकली. मी आतून ऐकत होते.

ते म्हणाले, “वहिनी, मागणं घेऊन आलोय. सून तुमची हाय, म्हून तुमालाच इचारतो. फुडच्या बाजारी तुमच्या गावात, दिवसाढवळ्या, देवळाम्होरं आमा दोघांचा सामना व्हावा. बांधावरच्या लोकांची लई इच्छा हाय.”

सासूबाई म्हणाल्या, “बांधावरचं येगळं, शाहीर. तिथं समदे घामाघूम. गावात लोक नावं ठेवत्यात.”

“ठेवू द्या. म्या पन्नास वरसं गायलो, मला बी ठेवली. पर म्या आजवर पुष्कळ शाहीर ऐकले. असा जबाब देनारं मानूस घरात झाकून ठेवनं ह्ये मला सोसत न्हाई. कलगीवाला असून सांगतो.”

आत मी भिंतीला टेकले होते. मग सासूबाईंचा आवाज आला, “माझ्या दोन अटी हायेत. म्या म्होरं बसनार, कोन काय बोलतंय ते मला दिसाया पायजे. आन तिच्या बापाला बोलवा. लेक उभी राहनार तर बापानं बघावं.”

नवरा स्वतः एसटीने नगरला आणि तिथून पाथर्डीकडे गेला. दुसऱ्या दिवशी वडिलांना घेऊन आला. वडिलांच्या काखेत घोंगडीत गुंडाळलेला डफ होता. मी पाया पडले. ते कुजबुजले, “गळा गेला. हात हायेत अजून. वाजवीन म्हनतो.”

सामन्याच्या दिवशी देवळापुढचं मैदान भरलं. सात-आठ गावांची माणसं आली, तलावावरची तर सगळीच. हजेरीचा कारकूनही आला. बायका एका बाजूला, आणि सगळ्यांच्या पुढे, मांडी घालून, सासूबाई. मी हिरवं लुगडं नेसले होते. वडिलांनी शेकोटीवर डफ शेकून घेतला, बोटाने टिचकी मारून पाहिलं आणि माझ्याकडे बघून मान हलवली. मागे झील धरायला माझ्याच रांगेतल्या दोन बायका उभ्या राहिल्या. त्यांनी दीड महिना माझे सवाल वाहिले होते, त्यांना वेगळं शिकवावं लागलं नाही.

म्हातारे शाहीर गायला लागले तेव्हा मी प्रथमच त्यांना जवळून ऐकलं. वयाने आवाज जाड झाला होता, पण शब्द एकेक घासूनपुसून ठेवल्यासारखा. माझा धीर सुटला. पहिला जबाब मी कसाबसा दिला, दुसऱ्याला अडखळले. बायकांच्या बाजूने कुणीतरी ओरडलं, “पाटी डोक्यावर हाय असं समज की!” लोक हसले, आणि ते हसत असताना मी श्वास घेतला. मग मात्र सुटले. पुढचा तासभर आम्ही दोघांनी एकमेकांना दम खाऊ दिला नाही.

शेवटी त्यांनी जुनाच सवाल टाकला, ज्याच्यावरून कलगी आणि तुरा पिढ्यान्‌पिढ्या भांडत आले: शिव मोठा की शक्ती मोठी? वडील पन्नास वर्षं शिवाच्या बाजूने गायले होते. त्यांची पंचवीस-तीस कवनं मला पाठ होती, त्यातलं कुठलंही घेता आलं असतं. मी वडिलांकडे पाहिलं नाही. समोर बसलेल्या माणसांकडे पाहिलं, त्यांच्या हातावरच्या घट्ट्यांकडे, आणि गायले:

“भरली पाटी भुईवरती, एकट्यानं ती उठंल का?
एकानं द्यावी, एकीनं घ्यावी, मोठं कोन त्ये सुटंल का?
शिव उचली, शक्ती वाही, मातीला त्यो भेद कळंना,
भांडत बसलो आपन दोघं, तर बांध आपला भरंल का?”

झील धरणाऱ्या बायकांनी शेवटचा शब्द ओढला. म्हाताऱ्या शाहिरांनी आपला डफ खाली ठेवला. फेटा नीट केला आणि लोकांकडे वळून म्हणाले, “मंडळी, ह्याला माझ्यापाशी जबाब न्हाई. आन असता तरी दिला नसता.”

मग जो गलका झाला तो मी कशाला सांगू. टाळ्या, शिट्ट्या, बायकांनी उधळलेलं कुंकू. मला त्यातलं फार ऐकू आलं नाही, कारण वडील माझ्या कानाशी आले होते. मला भीती वाटत होती. तुऱ्याच्या शाहिराची लेक, शिव मोठा म्हणायचं सोडून हे काय गायली, असं ते म्हणतील असं वाटलं. ते कुजबुजले, “ह्ये म्या शिकवलं न्हवतं तुला.” एवढंच म्हणाले, आणि त्यांच्या डोळ्यांकडे पाहून मला कळलं की त्यांना त्यापेक्षा मोठं काही बोलायचंच नव्हतं.

सासूबाई उठल्या, लुगड्याची धूळ झटकली. शेजारच्या गावची एक बाई त्यांना विचारत होती, “कुनाची म्हनायची ही?” सासूबाई म्हणाल्या, “आमची. दुसरी कुनाची आसंल?”

पुढच्या वर्षी पाऊस बरा झाला. तलाव अर्धा भरला, लोक बघायला गेले, आम्हीही गेलो. दुष्काळी काम संपलं आणि माणसं आपापल्या शेतावर परतली. गाणं मात्र थांबलं नाही. म्हातारे शाहीर दर बाजाराला आमच्याकडे येत आणि कलगीवाल्यांच्या जुन्या कूटकवनांतला अर्थ मला उलगडून सांगत. तुऱ्याच्या लेकीला कलगीची गुपितं सांगतोय, असं म्हणून स्वतःच हसत. दोन वर्षांनी ते गेले. त्यांचं शिकवलेलं मी आजही गाते आणि गाण्याआधी ते कुणाचं आहे हे सांगते.

माझा फड उभा राहिला तो असा: मी पुढे, मागे त्या दोघी, डफावर वर्षभर वडील आणि नंतर एक भाचा, आणि तुणतुण्यावर माझा नवरा. त्याला सुरुवातीला ताल कळत नव्हता. तुणतुण्याची तार तो दोरखंडासारखी ओढायचा. सहा महिने त्याने गोठ्यात बसून बैलांना तुणतुणं ऐकवलं. शेवटी जमलं, आणि मग त्याच्या तोंडावर जे समाधान असायचं ते बघण्यासारखं होतं.

पहिलं आमंत्रण आलं ते आमच्या भागातून नाही, थेट अकोले तालुक्यातून, भंडारदऱ्याच्या बाजूच्या एका गावाहून. दुष्काळात तिकडचा कुणी माणूस आमच्या तलावावर आला होता, त्याने गावी जाऊन सांगितलं होतं. पोस्टमनने कार्ड आणलं. मी शेतात होते. सासूबाईंनी ते त्याच्याकडून वाचून घेतलं, मग परत वाचायला लावलं. कार्डावर माझं नाव होतं आणि नावाच्या आधी ‘शाहीर’ लिहिलं होतं. पोस्टमन म्हणाला, “चुकून लिहिलं आसंल. बाईमानसाला शाहीर कोन म्हनतं?” सासूबाईंनी त्याला पाणी दिलं आणि म्हणाल्या, “चुकलेलं न्हाई. नीट वाच.”

संध्याकाळी मी घरी आले तेव्हा कार्ड देवाजवळ ठेवलेलं होतं. सासूबाई चुलीपाशी होत्या. माझ्याकडे न बघताच म्हणाल्या, “लांब हाय म्हनं गाव. डोंगरात थंडी आसती. समदी जा, आन घोंगडी न्यायची इसरू नका.”